बाबा, ती वही जरा मिटा

आई, बाबा, फोनवर घर बदलण्याचा विषय निघाला की आपण तिघंही हवापाण्यावर घसरतो, म्हणून लिहूनच सांगते.

बाबा, तुमच्या त्या निळ्या वहीत पुण्यातल्या ज्येष्ठांच्या वसाहतींचे भाव आहेत. दर दिवाळीला नवा आकडा आणि त्याखाली एकच शेरा : 'तेव्हाच घ्यायला हवं होतं.' तेव्हा का नाही घेतलंत? मी 'थांबा' म्हटलं म्हणून. पोरीने आईवडिलांना वृद्धाश्रमात धाडलं, असं कुणी म्हणेल याची मला भीती होती. आणि खरं सांगू? डोंबिवलीचं घर विकलं की माझं माहेर संपलं, असं मला वाटत होतं. तुम्हाला मात्र मी व्याजदर समजावत बसले.

भाव का चढले ते उघड आहे. अथश्रीसारख्या वसाहती पुण्यात आल्या तेव्हा म्हाताऱ्यांची सोसायटी म्हणून आपणच हसलो होतो. आता परदेशातली मुलं आईवडिलांसाठी तिथेच घर शोधतात आणि अशा जागा मोजक्या. शिवाय भोजनगृह, डॉक्टरांची खोली, उतार, रुंद मार्गिका या जागा बिल्डरला विकता येत नाहीत. त्यांचा भार घरांच्या दरावर येतो.

पण तुमच्या वहीत एकच बाजू आहे. डोंबिवलीचा भावही वाढलाय, तो तुम्ही कधी टिपला नाहीत. आपल्याला भरायचा आहे तो दोन्हींतला फरक. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे महिन्याचा खर्च. जेवण, देखभाल, मदतनीस, सगळं पेन्शनमधून जायचं. सोसायटीची वर्गणीच महिना 7,500 रुपयांच्या वर गेली तर वर 18 टक्के जीएसटी लागू शकतो. घराचा भाव एकदाच भरायचा असतो, हे दर महिन्याला. आणि जिथे फक्त ज्येष्ठांनीच राहायचं असा नियम असतो, तिथे उद्या विकायला गेलं तर गिऱ्हाईक कमी. तेव्हा चढत्या भावाकडे गुंतवणूक म्हणून बघूच नका.

काही ठिकाणी घर विकत देत नाहीत, अनामत घेऊन राहायला देतात. स्वस्त वाटतं. पण जुनं घर विकून झालेल्या नफ्यावरचा कर वाचवायचा तर दोन वर्षांत दुसरं घर विकत घ्यावं लागतं. अनामत त्यात धरत नाहीत. सही करण्याआधी सीएकडे जाऊ.

आणखी एक. घर एकट्या आईच्या नावावर घ्या. पुणे शहरात मुद्रांक शुल्क 7 टक्के आहे, बाईच्या नावावर 6. साठ लाखांच्या घरात 60,000 रुपये वाचतात. (बाबा, भुवया खाली. आयुष्यभर विजेचं बिल तुमच्याच नावावर आलंय.)

'रिडेव्हलपमेंट होऊ दे, मग विकू' हे तुमचं शेवटचं अस्त्र मला माहीत आहे. डोंबिवलीच्या सोसायटीच्या सभेत अजून वकील कोण नेमायचा यावरच भांडणं चालली आहेत. तोवर आईने तिसऱ्या मजल्यावरून दूध आणायला किती वेळा उतरायचं? हल्ली ती जिन्यात दुसऱ्या मजल्यावर थांबते आणि शेजारणीशी बोलायला थांबले असं सांगते. आई, मला कळतं गं.

माझ्यासाठी काही ठेवायचं म्हणून थांबू नका. माहेर मी पुण्याला येऊन करीन.

रविवारी वसाहत बघायला कल्याणहून इंद्रायणी पकडा, मी पुणे स्टेशनवर येते. बाबा, मोजपट्टी आणा. ज्येष्ठांच्या घरांसाठी महारेराने 2024 मध्ये नियमावली काढली आहे, त्यात दार किमान 900 मिलिमीटर रुंद हवं म्हटलंय. तुम्ही मोजल्याशिवाय सोडणार नाहीच. विकलेल्या घरांचे खरे भाव ऑफिसात न विचारता बाकावर बसलेल्या आजोबांना विचारू. आणि वसाहतीत पोचायचं ते साडेबाराला, म्हणजे तिथल्या भोजनगृहातली आमटी आईला चाखता येईल.