हेवी मेटल : गोंगाट की रौद्र रस?

'हेवी मेटल' हे नाव उच्चारताच आपल्याकडे दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. वडीलधारी मंडळी 'हा कसला गोंगाट?' असे विचारतात, आणि मित्र 'हे आपल्यातले नव्हे' म्हणून मोकळे होतात. इंदापूर तालुक्यातील निरवांगीसारख्या गावात कान वाढतो तो भजन, हलगी आणि लग्नाच्या वाजंत्रीवर. तेथे या संगीताची आवड धरणाऱ्याला आपल्या आवडीचा जाब द्यावा लागतो. 'आवड ज्याची त्याची' असे म्हणून हा प्रश्न टाळता येईल. परंतु कलाशाखेच्या विद्यार्थ्याला ती पळवाट शोभत नाही. आवडीची कारणे सांगता आली पाहिजेत. प्रस्तुत लेखात तसा प्रयत्न केला आहे.

उगम

हे संगीत कारखान्यांच्या गावात जन्मले. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे टोनी आयोमी हा तरुण पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ साली यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा हात नेमका तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे केली, गिटारला हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्या ढिल्या करून स्वर खाली उतरवला. त्यातून जो जड, खोल नाद निघाला तो त्याच्या 'ब्लॅक सबाथ' या वाद्यवृंदाची ओळख ठरला. या वृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका १९७० साली निघाली, आणि बहुतेक अभ्यासक हेवी मेटलचा आरंभ तेथून धरतात.

आपल्याकडेही हे संगीत कालपरवा आलेले नाही. मुंबईत १९८६ साली 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव सुरू झाला. 'आयर्न मेडन' या इंग्लिश वृंदाने १ फेब्रुवारी २००८ रोजी आपल्या जागतिक दौऱ्याचा प्रारंभ मुंबईतच केला.

स्वर आणि नाद

ब्लॅक सबाथच्या पहिल्याच गीतात षड्ज आणि तीव्र मध्यम यांतील अंतर ठळकपणे वापरले आहे. पाश्चात्त्य परंपरेत हे अंतर अस्वस्थ करणारे, सैतानाचे मानले गेले. आपण मात्र यमन ऐकताना षड्जाच्या भरण्यावर तीव्र मध्यम आनंदाने ऐकतो. मेटलमध्ये षड्जाला लागून येणारा कोमल ऋषभही वारंवार भेटतो. तो तर भैरवीतला आपला नित्याचा स्वर. स्वर तेच, त्यांना कोणता भाव द्यायचा हे परंपरा ठरवते.

गिटारच्या त्या खरखरीत आवाजाचेही तसेच आहे. ध्वनिवर्धकाला त्याच्या कुवतीबाहेर आवाज दिला की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात आणि मूळ स्वरात नसलेले वरचे उपस्वर उमटतात. यालाच 'डिस्टॉर्शन' म्हणतात. अशा आवाजात अनेक स्वर एकत्र छेडले तर गढूळपणा येतो. म्हणून वादक बहुधा षड्ज आणि पंचम एवढेच धरतो. तंबोऱ्याची नेहमीची जुळणीही याच दोन स्वरांची! मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीला जवारी काढतात आणि तारेखाली सुताचा धागा सरकवून तिचा झंकार साधतात, तोही उपस्वर फुलावेत म्हणूनच. दोन्हींची क्रिया वेगळी आणि परिणामही वेगळा. परंतु कोऱ्या स्वरापेक्षा भरलेला स्वर हवा, ही ओढ एकच आहे.

रसाचा प्रश्न

'पण एवढा संताप कशाला?' हा आक्षेप अधिक गंभीर आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात जे आठ रस सांगितले आहेत, त्यांत रौद्र, भयानक आणि बीभत्स हेही आहेत. क्रोध आणि भय हे जीवनात दुःखदायक. कलेत मात्र त्यांचा आस्वाद घेता येतो. त्याचे कारण भट्टनायकाने 'साधारणीकरण' या कल्पनेने सांगितले : तो क्रोध अमुक एका माणसाचा राहत नाही. नीरा-भीमेच्या संगमावर, आपल्याच तालुक्यातील नरसिंहपुरास, आपण ज्या देवाला हात जोडतो त्याची कथाही रौद्राचीच आहे. मुंबईच्या 'डेमॉनिक रिझरेक्शन' या वृंदाने २०१७ साली विष्णूच्या दहा अवतारांवर 'दशावतार' हा संग्रह काढला, तो या दृष्टीने ऐकण्याजोगा आहे.

शब्द कळत नाहीत, हे खरे. परंतु तराण्यातही अर्थ शोधत कोणी बसत नाही. तेथे कंठाकडे वाद्य म्हणूनच पाहिले जाते. मात्र या प्रकारातील पुष्कळ गीतांचे शब्द उथळ असतात आणि केवळ धक्का देण्यासाठी लिहिलेले असतात, हेही मान्य केले पाहिजे. सर्व मेटल चांगले, असा माझा दावा नाही.

ऐकण्याची रीत

मी नवे गीत तीनदा ऐकतो. पहिल्यांदा फक्त ढोल : दोन्ही पायांनी वाजणारा खालचा ढोल आणि आवर्तनाची सम. दुसऱ्यांदा गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ. तिसऱ्यांदा सगळे मिळून. पहिल्या खेपेस जो कल्लोळ वाटतो, त्यात तिसऱ्या खेपेस रचना दिसू लागते. शेतीपंपाची वीज रात्रीची असते त्या आठवड्यात उसाला पाणी देताना ऐकणे होते, पण इअरफोन एकाच कानात. दुसरा कान मोटारीच्या आवाजाला आणि पाचटातल्या सळसळीला मोकळा ठेवावा लागतो.

मेटल मोठ्यानेच ऐकावे लागते, हा समज चुकीचा आहे. त्याचा जडपणा स्वर आणि लय यांतून येतो, म्हणून तो हळू आवाजातही टिकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तास ऐकणे सुरक्षित आहे. तोच ९० झाला तर केवळ ४ तास. मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या ध्वनिक्षेपकांसमोर उभे राहणे आणि संगीत ऐकणे यांतला भेद आपण सर्वांनीच ओळखला पाहिजे, मग वाजणारे गीत मराठी असो वा इंग्रजी.

सारांश, आवड ही बऱ्याच अंशी सवयीतून घडते आणि सवय जाणूनबुजून लावता येते. माझे मित्र व गुरुजन यांना विनंती एवढीच, की एखादे गीत हळू आवाजात तीनदा ऐकावे आणि मग नापसंत करावे. तशीच अट मीही स्वतःला घालून घेतली आहे : जे ख्याल मला अद्याप लांबट वाटतात, तेही मी तीनदा ऐकणार आहे.