मोटारीच्या ब्रेकचा पिवळा दिवा : परीक्षा व दुरुस्ती

हल्लीं जळगांव व धुळें जिल्ह्यांतील पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारीं चारचाकी गाडी उभी असते. बैलाचा खूर दुखावला म्हणजे तो लंगडतो व धन्यास तत्काळ कळतें. गाडी लंगडत नाहीं. ती समोरच्या फळीवर दिवा लावून आपलें दुखणें कळविते. त्यांपैकीं ‘एबीएस’ हीं अक्षरें असलेल्या पिवळ्या दिव्याचा अर्थ काय व तो लागला असतां काय करावें, एवढेंच या लेखांत सांगावयाचें योजिलें आहे.

प्रथम ही योजना समजून घेऊं. ओल्या रस्त्यावर ब्रेक जोरानें दाबला कीं चाक जागच्या जागीं जखडतें व गाडी घसरत जाते. पुढचीं चाकें जखडलीं म्हणजे स्टिअरिंग कितीहि फिरविलें तरी गाडी वळत नाहीं. हें टाळण्यासाठीं चाकांपाशीं त्यांचा वेग मोजणारे सेन्सर बसविलेले असतात. चाक जखडूं लागलें असें दिसतांच यंत्र त्याच्या ब्रेकचा दाब सेकंदांत अनेक वेळां सोडतें व पुन्हां देतें. त्या वेळीं पायाखालीं पेडल थरथरतें. भिऊन पाय उचलूं नये. बॉश कंपनीची अशी योजना १९७८ सालीं जर्मनींत मर्सिडीज मोटारींत आली. आपल्या देशांत एप्रिल २०१९ पासून विक्रीच्या नव्या मोटारींस ती सक्तीची आहे.

यंत्रास आपल्यांत दोष आढळला कीं तें स्वतःस बंद करून घेतें व पिवळा दिवा लावतें. साधा ब्रेक चालूच राहतो, आणि येथेंच माणूस फसतो. मीहि फसलों. महिनाभर दिवा लागलेला असतां ‘ब्रेक तर लागतो’ असें म्हणून मीं तिकडे दुर्लक्ष केलें. श्रावणांत भर पावसांत धुळ्याहून येतांना पारोळ्याच्या अलीकडे आडवाटेनें एक बैलगाडी एकाएकीं रस्त्यावर आली. मागच्या बैठकीवर सूनबाई व नातू होते. ब्रेक दाबला, चाकें जखडलीं, स्टिअरिंग फिरविलें तरी गाडी सरळ घसरत गेली व बैलांपासून हातभर अंतरावर थांबली. गाडीवान एक शब्दहि बोलला नाहीं. त्याचें तें पाहणें मला अजून आठवतें.

दुसऱ्या दिवशीं एका गॅरेजांत न तपासतांच मुख्य यंत्र बदलावयास सांगण्यांत आलें. दुसऱ्या मिस्तरीनें चाक उघडलें, तों मागच्या डाव्या सेन्सरची वायर उंदरांनीं कुरतडलेली निघाली. तेवढी बदलतांच दिवा गेला. यास्तव तपासणी स्वस्त गोष्टींपासून महाग गोष्टींकडे, या क्रमानें करावी.

१. किल्ली फिरवितांच पिवळा दिवा लागून कांहीं सेकंदांत विझला पाहिजे. मुळींच न लागल्यास दिवाच बिघडला किंवा कोणी काढून टाकला असें समजावें. जुनी गाडी घेतांना हें अवश्य पाहावें.

२. सोबत ब्रेकचा तांबडा दिवा असल्यास हातब्रेक सुटला आहे ना व ब्रेक ऑईल खुणेपर्यंत आहे ना, हें पाहावें. तरीहि तो न विझल्यास गाडी चालवूं नये.

३. ऑईल कमी झालें म्हणजे पॅड झिजले किंवा गळती आहे. केवळ भर घालून स्वस्थ बसूं नये. टोपणावर लिहिलेल्या जातीचेंच ऑईल घालावें. इंजिनाचें कदापि घालूं नये. ब्रेक ऑईल हवेंतील ओल शोषून घेतें, म्हणून गाडीच्या पुस्तिकेंतील मुदतीस तें बदलावें.

४. बॅटरी व फ्यूज तपासावे. जळलेल्या फ्यूजाच्या जागीं तितक्याच अँपिअरचा घालावा. तोहि जळाल्यास वायर कोठेंतरी चिकटली आहे.

५. स्कॅनर लावून दोष कोणत्या चाकाचा तें लिहून घ्यावें. नोंद पुसण्याची घाई करूं नये. कित्येक लहान स्कॅनर फक्त इंजिनाचेच दोष वाचतात, हें आधीं विचारून घ्यावें.

६. मग तें चाक पाहावें. गाडी कठीण जमिनीवर उभी करून इतर चाकांस दगड लावावे. केवळ जॅकच्या आधारावर असलेल्या गाडीखालीं शिरूं नये. आपल्याकडील काळ्या मातीचा चिखल वाळला म्हणजे विटेसारखा घट्ट होतो. तो सेन्सर व वायरीवरून हलक्या हातानें काढावा. वायर कुरतडली आहे काय, जोडांत पाणी शिरून गंज चढला आहे काय, सेन्सरच्या टोकास लोखंडाचा कीस चिकटला आहे काय, दातेरी कडें तडकलें आहे काय व बेअरिंग ढिलें आहे काय, हें क्रमानें पाहावें. चारी टायर पुस्तिकेंत दिलेल्या मापाचे असावे.

७. एवढ्यानें दोष न सांपडल्यास जाणत्या माणसानें गाडी हळू चालवून चारी चाकांचे वेग स्कॅनरवर ताडून पाहावे. जें चाक शून्य दाखवील किंवा मध्येंच गप्प होईल, तेथील सेन्सर, वायर व कडें पुन्हां तपासावें. मुख्य यंत्रावर संशय सर्वांत शेवटीं घ्यावा.

दुरुस्तीनंतर स्कॅनरवरील जुनी नोंद पुसून गाडी थोडी चालवावी. कांहीं गाड्यांत चाकें फिरल्यावरच दिवा विझतो. दुरुस्ती होईतों वेग कमी ठेवावा, पुढील वाहनापासून अधिक अंतर राखावें आणि पावसांत लळिंगचा किंवा कन्नडच्या वाटेवरील औट्रम घाट टाळावा.

माझी नोकरी महसुली दप्तरांत गेली. सात-बाराच्या इतर हक्कांतील बोज्याचा शेरा खोडल्यानें कर्ज फिटत नाहीं, हें प्रत्येक खातेदार जाणतो. दिव्यावर चिकटपट्टी लावणें हें त्याच जातीचें कृत्य होय. आधीं कर्ज फेडावें. मग शेरा रीतसर कमी होतो.