आईचा गोतावळा तुटेल का?

प्रश्न : आई ७८ वर्षांची. गुडघ्यांमुळे एकटी राहू शकत नाही. खारघरला मदतनीस असलेल्या ज्येष्ठ निवासात ठेवलं, तर एकटी पडेल का?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : असा निवास म्हणजे टाकून दिलेल्यांचा वृद्धाश्रम नव्हे. अंघोळीला, औषधांना मदत; बाकी दिवस आईचाच. भजन, पत्ते, वाढदिवस असतात, पण छापील वेळापत्रकावर भुलू नका. चारच्या चहाला न कळवता जा. माणसं एकमेकांशी बोलतात की नुसता टीव्ही चालतो, ते दिसेल. आधी पंधरा दिवस राहून पाहू दे. रात्री मदतीला कोण, अनामत परत कधी, हे लेखी घ्या. नेरुळच्या मैत्रिणी सुटू नयेत म्हणून अधूनमधून महापालिकेच्या विरंगुळा केंद्रात न्या. आणि भजनाला बसायचं नसेल, तर बसवू नका! अडचण आल्यास ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आहेच.