दुखणे नेमके कोठे असते?

माझ्या मामांना जुनाट स्वादुपिंडदाह आहे. ‘पोटात दुखतंय’ म्हणताना त्यांचा हात पाठीवर जाई, आणि तपासणीत तर दाह वाढलेला दिसत नसे. आम्हा घरच्यांना तो कांगावा वाटे. मीही त्यात होतो. मानसशास्त्राच्या निमित्ताने वेदनेविषयी वाचू लागलो आणि खजील झालो.

स्वादुपिंडाचे मज्जातंतू मज्जारज्जूत जेथे पोहोचतात, तेथेच पाठीकडचेही तंतू येतात. मेंदूची गफलत होते आणि पाठ दुखते. वर्षानुवर्षांच्या दाहाने ग्रंथीतील मज्जातंतू जाड होतात, सारखे संदेश धाडत राहतात. अखेर मज्जारज्जूतील पेशीच इतक्या हळव्या बनतात की, किरकोळ संदेशही त्या मोठा करून वर पाठवतात. १९६५ साली मेल्झॅक व वॉल यांनी मज्जारज्जूत वेदनेचे ‘द्वार’ कल्पिले होते. मेंदू ते थोडेफार लोटू शकतो. या आजारात ते नीट लोटले जात नाही, असे म्हणता येईल. म्हणूनच संपूर्ण स्वादुपिंड काढून टाकल्यावरही काही रुग्णांचे दुखणे उरते. आणि प्रीगॅबालिनसारखे मज्जातंतूंवरचे औषध काहींना उतार देते.

म्हणजे मामा खरेच सांगत होते. हल्ली त्यांचा हात पाठीकडे गेला, की मी ‘कुठे?’ विचारत नाही, ‘किती?’ एवढेच विचारतो.