रंगाची लाज कशासाठी?



गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीची आई शाळेत आली. मुलगी वर्गात पहिली आली होती. मी कौतुक केले, तर आई म्हणाली, "बाई, पोरगी हुशार आहे, पण रंगानं मार खाल्ला. पुढं स्थळ कसं मिळायचं?" मुलगी शेजारीच उभी होती. तिने मान खाली घातली. यांच्या घरी भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. म्हणूनच हा धडा लिहीत आहे.

प्रथम महाड आठवा. २५ डिसेंबर १९२७ रोजी तेथे मनुस्मृतीचे दहन झाले आणि २७ डिसेंबरला बाबासाहेब स्त्रियांशी बोलले. त्या काळी अस्पृश्य बाई दुरूनच ओळखू येई. लुगडे आखूड नेसलेले, गळ्यात गळसऱ्यांचा भार, हातात कोपरापर्यंत पाटल्या. ही अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाकून द्या, लुगडे घोट्यापर्यंत नेसा, स्वच्छ राहा, मुलींना शिकवा, असे त्यांनी सांगितले. बायकांनी ते ऐकले आणि नेसण्याची रीत बदलली.

येथे कोणी विचारील, "मग गोरे दिसण्याची धडपड तरी वाईट कशी? तीही सुधारणाच ना?" नाही. महाडच्या स्त्रियांनी दुसऱ्यांनी लादलेली हीनतेची खूण उतरवली. आपण मात्र मुलीच्या कातडीलाच हीनतेची खूण ठरवतो. लुगडे बदलता येते, कातडी कशी बदलणार? जन्मावरून माणसाची किंमत ठरवणे हाच तर जातीचा नियम. तो दाराबाहेर घालवून रंगाच्या नावाने पुन्हा घरात घ्यायचा काय?

त्वचेचा रंग मेलॅनिन नावाच्या द्रव्यामुळे येतो. ते उन्हापासून शरीराचे रक्षण करते. त्यात लाजण्यासारखे काय आहे? तरीही बाजार या लाजेवरच चालतो. १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' हे मलम आपल्या देशात आले. २०२० साली त्याच्या नावातून 'फेअर' हा शब्द काढावा लागला. शब्द गेला, हाव राहिली. काही मलमांत पारा असतो, त्याने मूत्रपिंडाला इजा होते. काहींत स्टेरॉइड असते. डॉक्टरला न विचारता ते लावत राहिल्यास त्वचा पातळ होते.

आपल्या धम्मात रूपाचा विचार झालेला आहे. वैशालीची आम्रपाली रूपासाठी प्रसिद्ध गणिका होती. तिने आपली आमराई बुद्धांना व संघाला दान दिली आणि पुढे ती भिक्खुणी झाली. थेरीगाथेत तिच्या गाथा आहेत. आपले केस, डोळे, दात तारुण्यात कसे होते आणि म्हातारपणी कसे झाले, हे तिने त्यांत न लाजता सांगितले आहे. रूप अनित्य आहे हे तिने आरशात पाहून जाणले. आपण तोच आरसा मुलीला रडवण्यासाठी वापरतो.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी मुलींच्या लग्नाची घाई करू नका, असे बजावले. पत्नीने पतीची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभे राहावे, असेही सांगितले. मैत्रीण रंग पाहून निवडतात काय?

म्हणून घरात तीन गोष्टी ठरवा. मुलीला 'काळी' म्हणून हाक मारायची नाही, थट्टेनेही नाही. सोयरीक पाहताना रंग विचारायचा नाही, मुलाच्या आईने तर मुळीच नाही. मलमाचे पैसे वह्या-पुस्तकांना द्यायचे.

त्या मुलीने मान वर करावी, एवढेच मागणे आहे. ते तिच्या हाती नाही, आपल्या हाती आहे.