एक 'बरोबर' की दोन?

मुलं कोडिंग शिकायला लागली की पहिला गोंधळ इथेच होतो. = या चिन्हाला आपण पहिलीपासून 'बरोबर' म्हणायला शिकवलंय. मग प्रोग्राममध्ये गुण = गुण + 5 दिसलं की विचार करणारं मूल अडतंच. एखादी संख्या स्वतःपेक्षाच 5 ने मोठी कशी? प्रश्न रास्त आहे, त्याला गप्प बसवू नका.

इथे = म्हणजे 'बरोबर' नव्हेच. उजवीकडची किंमत काढा आणि डावीकडच्या नावात ठेवा, असा तो हुकूम आहे. म्हणून 35 = गुण असं उलटं लिहिता येत नाही. तुलना करायची तर चिन्ह दोनदा, ==. हा प्रश्न आहे. उत्तर हो किंवा नाही.

अंधेरी स्टेशनचं उदाहरण मुलांना लगेच पटतं. गाडी आली की आपण दारातल्या माणसाला विचारतो, "बोरिवली का?" तो म्हणतो, "नाही, विरार." विचारल्याने गाडी बदलत नाही. हे झालं ==. त्याच जागी एकच = टाकलं, तर विचारताक्षणी विरार गाडीची बोरिवली होईल! आतल्या विरारकरांचं काय, ते वर्गालाच विचारा.

सी आणि सी प्लस प्लसमध्ये हे खरंच घडतं. इफ (गुण = 35) लिहिलं की आधी गुणांत 35 भरले जातात, मग ही किंमत शून्य नाही म्हणून अट 'खरी' ठरते. 12 वाला पास, आणि 88 वालीचेही 35! (पालकांना हे वाक्य बरोबर लागतं.) कंपायलर फार तर इशारा देतो. पायथॉन मात्र तिथेच चूक दाखवून थांबतो, म्हणून सुरुवातीला मला ती भाषा बरी वाटते.

नोव्हेंबर 2003 मध्ये लिनक्स कर्नलच्या कोडच्या एका प्रतीत कुणीतरी गुपचूप दोन ओळी घुसवल्या. वरवर बघता 'वापरणाऱ्याचा क्रमांक 0 आहे का?' अशी साधी तपासणी. पण = एकच! 0 हा सर्वाधिकारी 'रूट'चा क्रमांक. म्हणजे विचारण्याच्या नावाखाली सगळे अधिकार देऊन टाकायचे. वर 0 म्हणजे 'खोटं', त्यामुळे अटीखालची ओळ चालणारच नाही आणि कुणाला पत्ताही लागणार नाही. ही प्रत मूळ साठ्याशी जुळेना, म्हणून वेळीच पकडलं गेलं.

घरी कोड मोठ्याने वाचून घ्या: = ला 'मध्ये ठेव', == ला 'सारखं आहे का?'. मग कागदावर तीन ओळी द्या: अ = 5, ब = अ, अ = 7. आता ब मध्ये किती? 7 म्हणणारं मूल अजून 'बरोबर'च वाचतंय.