चेहरा नसलेली बाहुली आणि गोड राजमा

कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये मातीच्या बाहुल्या बनवतात. टोपी, झगा, हातात फुलं. पण नाक-डोळेच नाहीत! कारण सांगतात ते असं: इथले लोक मूळनिवासी ताईनो, आफ्रिकन आणि स्पॅनिश अशा मिश्र वंशाचे, मग चेहरा कुणाचा काढायचा?

तिथला गोड पदार्थही असाच मिसळलेला. ईस्टरआधीच्या उपवासकाळात राजमा शिजवून, वाटून, गाळून त्यात नारळाचं दूध, साखर, रताळं, मनुका, दालचिनी घालतात. वरून छोटी बिस्किटं. राजमा आणि गोड? अहो, आपण पुरणात हरभरा डाळ गोड करतोच की!

मला ही बाहुली फार आवडते. वर्गात मुलं चित्रातली मुलगी बहुधा गोरीच रंगवतात. एकदा त्यांना ही बाहुली दाखवा आणि विचारा, "हिचा चेहरा कसा असेल?"